विरजण

गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं.
बिघडलं ते पुढं.
चौदा दिवस गोळ्या, वर सलाईन,
जखम सुकली आणि पोट वाहू लागलं.
सकाळी सात वेळा, दुपारी तीन,
रात्रीचं मोजायचं सोडून दिलं.

डॉक्टर कंग्राळकर म्हणाले, बाई,
औषधानं चोर मारला, खरं गल्लीही उठवली.
आता मोकळ्या घरांत
एकच जात घुसून बसलीय, आतून कडी लावून.

गल्ली? माझ्या पोटात?

गल्ली कसली, अख्खा तालुका.
अंगात तुमच्या स्वतःच्या पेशी जेवढ्या
जवळपास तेवढेच ते.
तेच अन्न फोडतात, तेच राखण करतात,
तुम्ही नुसत्या सातबाऱ्यावर.

खानापूर तालुक्यात एकतीस वर्षं शिकवलं मी.
तीन जनगणना केल्या, नंदगडापासून हलशीपर्यंत,
उन्हात, चपलेचा अंगठा तुटलेला,
दर उंबऱ्यावर विचारत: मातृभाषा?
एक बाई चुलीपुढून न उठता म्हणाली होती,
दोन्ही लिही की.
मी म्हटलं, रकाना एकच आहे.

आता माझीच शिरगणती.
डबी बेळगावात गेली, तिथून आणि कुठं,
आणि आली तीन पानांची यादी.
चष्मा लावून सगळी नावं वाचली,
हजेरी घ्यायची सवय.
एक नाव मराठी नाही, एक कानडी नाही,
आणि बहुतेकांपुढं
गैरहजर.

उपाय ऐकून कानांवर हात ठेवले.
दुसऱ्याच्या पोटातलं आणून माझ्यात सोडायचं.
म्हणजे नेमकं काय, ते मी इथं लिहीत नाही.
वर्गातसुद्धा पोरं करंगळी दाखवायची, कधी दोन बोटं,
मी नुसती मान हलवायचे.

मुलाला तपासलं. नापास.
बेंगळुरात रोज पित्ताची गोळी खातो,
परवाच अँटिबायोटिकचा कोर्स झालेला.
उरली सून.

शिवगंगा. बैलहोंगलची.
अकरा वर्षांत तिच्या ताटातला घास
मी तोंडात घातला नाही.
उष्टं नको, एवढंच म्हणायचे,
तेवढ्यात सगळं म्हणून व्हायचं.

ती पास. रक्तात, लघवीत, सगळ्यात.
कडक रोटी, शेंगा चटणी,
कच्ची मेथी कांद्यासंगं, तांब्याभर ताक,
तिच्या पोटात म्हणे आठवडी बाजार भरलाय.

आदल्या रात्री कॉटशेजारी बसली.
लाजायचं तिनं, लाजले मी.
म्हणाली, अत्ती, त्यात काय,
हेप्पु तर हाय.
आपलं दही बिघडलं की शेजारनं वाटीत आणतो का नाही?

हेप्पु नाही, विरजण म्हण,
अकरा वर्षं मी दुरुस्त करत आले.
त्या रात्री नाही केलं.

पाचव्या दिवशी पोट थांबलं.
नवव्या दिवशी भूक लागली, खरी भूक,
लहानपणी लागायची तसली,
आणि तोंडातून आलं: कच्चा कांदा आहे का गं?
डॉक्टर हसले. तसं काही नसतं म्हणाले.
नसेल.

दुसरी यादी आली परवा.
शून्यांच्या जागी आकडे,
वर्ग पुन्हा भरल्यासारखा गजबजलेला.
तिच्याकडनं आलेली कोण, माझी जुनी राहिलेली कोण,
कुठंच लिहिलेलं नाही.
मी पान उलटून मागंही बघितलं.

तिच्या ताटातलं अजून खात नाही. सवय.
ती काही बोलत नाही,
खरं भाकरी मोडताना माझ्याकडं बघून
ओठ दाबून हसते.
तेव्हा माझ्याही पोटात गुरगुरतं काहीतरी.
उत्तर देत असतील तिला.
कुठल्या भाषेत, कोण जाणे.